बेल वाजली की भुंकतो, मग गप्प बसतो, मग खाऊ मागतो: चुकतंय कुठे?

माहीमची_खाडी (धागाकर्ती)

दोन वर्षांचा देशी कुत्रा, नाव भुऱ्या. घर चौथ्या मजल्यावर. सोसायटीत सकाळपासून बेल चालू: दूधवाला, कचरेवाला, इस्त्रीवाला, कुरियर. बेल वाजली की हा दाराकडे झेपावतो आणि भुंकतो. 'गप्प' म्हटलं आणि गप्प बसला की लगेच बिस्किटाचा तुकडा, असा आमचा क्रम आहे. गप्प तो झटकन बसतो, पण भुंकणं मात्र वाढलंय. आता लिफ्टचं दार आपटलं तरी दोनदा भुंकतो आणि वळून हाताकडे बघतो.

दुसरा प्रश्न आवाजाच्या भीतीचा. मागच्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत आणि दिवाळीत थरथरत बाथरूममध्ये जाऊन बसला होता. जवळ घेऊ नका, भीतीला बक्षीस दिल्यासारखं होतं, असं सगळे सांगतात. हे खरं का? यंदाच्या गणपतीला दोन महिने आहेत.

तिसरं म्हणजे, मुलगी सात वर्षांची आहे. पाढे म्हटले की एक स्टार, दहा स्टार झाले की खेळणं, असं सुरू करायचा विचार आहे. कुत्र्याची पद्धत पोरीला लावू नये असं सासूबाईंचं मत. जाणकारांनी सांगावं.

सदाफुली

भुऱ्या अगदी बरोबर शिकलाय. तुम्ही शिकवताय 'गप्प बस', तो शिकतोय 'भुंक, थांब, खा'. बक्षीस फक्त शेवटच्या कृतीला चिकटत नाही, तिच्या आधीच्या दोन-तीन कृतीही त्यात ओढल्या जातात. गप्प बसायचं तर आधी भुंकायला हवं, म्हणून तो भुंकण्याची निमित्तं शोधतो. लिफ्टचं दार हे असंच सापडलेलं निमित्त. वळून हाताकडे बघतो म्हणता, तोच पुरावा: घाबरलेला किंवा चिडलेला कुत्रा सहसा दारावरची नजर काढत नाही.

उपाय म्हणजे भुंकण्याच्या आधी पोचणं. तुमच्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. दारापासून आठ-दहा फुटांवर एक सतरंजी टाका, येण्याजाण्याच्या वाटेत नको. आवाज अगदी बारीक ठेवून एकदा वाजवा आणि एका सेकंदाच्या आत सतरंजीवर हरभऱ्याएवढा खाऊ टाका. उकडलेलं चिकन किंवा पनीर घ्या. बिस्किटाचा चुरा पडतो, तो हुंगत बसण्यात पुढचा आवाज निसटतो, आणि साखर पोटात जाते ती वेगळीच. एका वेळी दहाच आवाज, मध्ये दहा ते तीस सेकंदांचं अंतर, तेही एकसारखं नको. दिवसातून दोनदा पुरे. तेवढा भाग जेवणातून कमी करा. खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नये.

दहापैकी आठ वेळा आवाज ऐकून तो सतरंजीकडे वळला तर आवाज थोडा वाढवा. लागोपाठ दोनदा भुंकला तर एक पायरी मागे. फोनवरचा पूर्ण आवाज जमला की घरातल्या कुणीतरी बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची. मग बेल आणि दार उघडणं, मग बेल, दार आणि उंबऱ्यात उभा माणूस. दर पायरीला एकच गोष्ट बदला.

बहुतेकांचं बिघडतं ते इथे: बेल वाजवण्याआधी डबा उघडला जातो. मग कुत्र्यासाठी इशारा डब्याच्या झाकणाचा होतो आणि बेलला काहीच अर्थ उरत नाही. आधी आवाज, मग हात हलायचा. उलट क्रमाने जवळजवळ काहीच शिकलं जात नाही, हे कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतच दिसलं होतं.

हे चालू असताना खरी बेल बंद ठेवा. दारावर चिठ्ठी लावा, वॉचमनला इंटरकॉम करायला सांगा. याचं कारण कुरियरवाला. तो पाकीट देतो आणि जातो. भुऱ्याच्या हिशेबी मात्र तो भुंकला म्हणून माणूस गेला. नको असलेली गोष्ट टळली की ती टाळणारी कृती पक्की होते, हे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. तुमच्या बिस्किटाशिवायही हा पगार त्याला दिवसातून पाच-सहा वेळा मिळतोय.

आणखी एक. 'भुंकून गप्प' बसण्याचं बिस्किट थांबवलंत की पहिले काही दिवस भुंकणं वाढू शकतं, जोरही चढू शकतो. विलोपनाच्या, म्हणजे बक्षीस बंद करून सवय मोडण्याच्या, सुरुवातीला असा उसळा बरेचदा येतो. त्या दिवसांत घरातल्या एकानेही कंटाळून तुकडा टाकला तर त्याला कळतं की जास्त जोर लावला की मिळतं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने पडलेली सवय सर्वांत चिवट असते. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली बक्षिसाच्या वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथच लिहिला आहे, त्यातला घरात सर्वाधिक उपयोगी पडणारा भाग हाच. सासूबाईंपासून मुलीपर्यंत सगळ्यांचं आधी एकमत करा.

माहीमची_खाडी

खूप आभार. एक शंका: बारीक आवाजाला भुंकलाच तर खाऊ द्यायचा की नाही?

सदाफुली

पहिल्या टप्प्यात द्यायचा. तिथे आपण कृतीला बक्षीस देत नाही, बेल म्हणजे सतरंजीवर खाऊ एवढीच जोडणी करतोय. पण भुंकला याचा अर्थ आवाज मोठा होता, पुढच्या वेळी कमी करा. खऱ्या बेलच्या टप्प्यापासून मात्र खाऊ सतरंजीवर पाय टेकल्यावरच.

लाल_मिरची

दुसऱ्या प्रश्नाचं थेट उत्तर: जवळ घ्या, बिनधास्त. भीती ही बक्षिसासाठी केलेली कृती नाही, ती आपोआप उठणारी प्रतिक्रिया आहे. कुरवाळल्याने कुत्रा जास्त घाबरायला शिकत नाही. तो स्वतः जवळ आला तर हात ठेवा. बाथरूममध्ये गेला तर दार उघडं ठेवा, आत एक गोधडी टाका, ओढून बाहेर काढू नका.

उलट, भीतीच्या आवाजाला आवडती गोष्ट जोडणं हाच तिच्यावरचा इलाज. वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती बसवली, उंदीर दिसला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून. ती भीती पुढे सशालाही लागू झाली. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी उलटा रस्ता दाखवला: पीटर नावाच्या मुलाला आवडीचं खायला देत असताना सशाचा पिंजरा थोडा थोडा जवळ आणत गेल्या. ससा इतका लांब, की पोराचं खाणं थांबणार नाही. पद्धतीचा सगळा जीव या अंतरात आहे.

भुऱ्यासाठी अंतराच्या जागी आवाजाची पातळी. फटाक्यांचं आणि ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावा. फोनच्या स्पीकरमधून ढोलाचा खर्ज येतच नाही, आणि कुत्रा घाबरतो तो बराचसा त्याच घुमणाऱ्या दणक्याला. सुरुवात इतकी हळू की फक्त कान वळावा. आवाज सुरू, एक-दोन सेकंदांनी चिकन सुरू. आवाज बंद, चिकन बंद. पाच मिनिटं. तो खायचा थांबला, ओठ चाटू लागला, जांभया देऊ लागला किंवा शेपूट आत गेली की पातळी जास्त झाली. अशा वेळी 'सवय होईल' म्हणून आवाज चालू ठेवणं ही सर्वांत मोठी चूक, त्याने भीती आणखी घट्ट होते.

हॉलमध्ये जमलं म्हणजे सगळीकडे जमलं असं नाही. भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवीन शिकणं बसतं, आणि ते नवीन शिकणं जागेला बांधलेलं असतं. म्हणून हॉल, बेडरूम, जिना, दिवसा, रात्री असं सगळीकडे पुन्हा हळू आवाजापासून करा. दोन महिन्यांत भीती पूर्ण जाईल असं धरू नका. सुतळी बॉम्बचा हादरा कुठल्याही स्पीकरमधून येत नाही.

प्रत्यक्ष त्या दिवशी: अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खाली नेताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, गळपट्ट्यावर फोन नंबर. खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा आणि टीव्ही चालू. थरथर फार असेल तर पशुवैद्याकडे महिनाभर आधी जा, परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात किंवा जवळच्या दवाखान्यात. भीती कमी करणारी औषधं आहेत, पण त्यांचा डोस एखाद्या शांत दिवशी देऊन बघावा लागतो. नुसतं एसप्रोमॅझिन (गुंगी आणणारं औषध) मागू नका. त्याने अंग ढिलं पडतं, पण भीती तशीच आत राहते. माणसांच्या झोपेच्या गोळ्या तर अजिबात नकोत.

कुणी भुंकणं थांबवणारा शॉक कॉलर सुचवेल, तोही नको. झटका बसला त्या क्षणी समोर कोण होतं हे कुत्रा लक्षात ठेवतो. दारातला पाहुणा आणि वेदना यांची जोडी जमली की उद्या तो न भुंकता चावू शकतो.

पाढ्यांची_वही

मुलीबद्दल. सासूबाईंची शंका पूर्ण चुकीची नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र' असं आधी कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं चित्रांकडे कमी वळली. न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून जे ती आपणहून करते, त्याला स्टार लावू नका. पाढे नकोसे असतील तर स्टार चालतील, पण तुमची रचना बदला.

दहा स्टार म्हणजे दहा दिवस. सात वर्षांच्या मुलीला ते फार लांब. तीन स्टारवर सुरू करा, आणि बक्षीस खेळण्याऐवजी एखादी कृती ठेवा, म्हणजे रात्रीची गोष्ट तिने निवडायची. त्याहून सोपं, मानसशास्त्रज्ञ प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं: जे मूल आपणहून जास्त करतं ते, जे कमी करतं त्याच्या मागे लावा. आधी पाढा, मग खाली खेळायला. हे सासूबाई आधीच करत असतील.

पाढा तोडा. पहिल्या दिवशी सहा एके सहा ते सहा चोक चोवीस, बघून. दुसऱ्या दिवशी तेवढंच न बघता. अडली की दोन-तीन सेकंद थांबून उत्तर सांगा आणि लगेच तीच ओळ तिच्याकडून म्हणवून घ्या. शाबासकी नेमकी द्या: 'सहा त्रिकला काल अडली होतीस, आज थेट म्हटलंस.' पाढा पाठ झाला की त्याचे स्टार बंद, पुढच्या पाढ्याला सुरू. दिलेला स्टार मस्तीसाठी काढून घेऊ नका. आणि 'उशिरा आलीस, वीस वेळा पाढा लिही' हे तर कधीच नको. पाढा शिक्षेला जोडला गेला की कितीही स्टार लावा, वही उघडताना तिचं तोंड उतरणार.

घाटमाथा

सदाफुलींच्या एका मुद्द्यावर मतभेद. आवाज आला की भुंकणं देशी कुत्र्यात मुरलेलं आहे. प्राण्यांना शिकवणाऱ्या ब्रेलंड दांपत्याने १९६१ मध्ये लिहिलंय की नाणं पेटीत टाकायला शिकवलेले रकून (अमेरिकेतला एक लहान प्राणी) पुढे नाणी पेटीत टाकायच्याऐवजी एकमेकांवर घासत बसायचे, खाऊ हातचा जात असूनही. जातीचा स्वभाव बक्षिसाला मागे टाकतो. संपूर्ण शांतता हे ध्येय ठेवलं तर धागाकर्ती महिन्याभरात कंटाळतील. दोनदा भुंकून सतरंजीवर जाणं हे यश माना.

सदाफुली

मान्य, पण मग खाऊची वेळ बदलावी लागेल, नाहीतर ती दोन भुंकणी पुन्हा 'भुंक, थांब, खा'च्या साखळीत शिरतील. भुंकून सतरंजीवर गेला तर बसल्यावर लगेच नाही, वीस सेकंद शांत राहिल्यावर खाऊ. न भुंकता गेला तर तत्काळ, आणि तीन-चार तुकडे एकामागोमाग. एवढा फरक त्याला कळतो. वीस सेकंद सुरुवातीला जमणार नाहीत; पाचपासून चढवा, आणि सेकंद मनात मोजा, तोंडाने नको, नाहीतर तुमचं मोजणंच इशारा होईल.