तिसरी रांग, चाफ्याकडून पाचवी: किनाऱ्यावरच्या जुन्या दफनभूमी, समाध्या, वीरगळ यांचे अनुभव

आबोली
काल माळ्यावरची ट्रंक उतरवली. आजीची किराण्याची वही निघाली. पुढे तूरडाळ, गूळ, रॉकेल. शेवटच्या पानावर मात्र तिच्या बारीक अक्षरात एवढंच: "तिसरी रांग, चाफ्याकडून पाचवी." वही हातात धरून मी तिथेच शिडीवर बसले.

अलिबागला आमचं घर इस्रायल आळीला, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंच्या आळीला लागून. शेजारी एक मावशी होत्या. नऊवारी नेसायच्या, मराठी आमच्याहून चोख, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की शनिवारी चूल नाही. त्यांची सगळी माणसं सत्तरच्या दशकात इस्रायलला गेली, शेवटी त्याही निघाल्या. जाताना आजीला म्हणाल्या, "वैनी, आमच्या आईवर वर्षातून एक खडा ठेवत जा." थडग्यावर खडा ठेवायची त्यांच्यात रीत. कोणीतरी येऊन गेलं, ही खूण. आजीने पुढे वीसेक वर्षं ते केलं. मला सोबत न्यायची. समुद्रावरचा गुळगुळीत खडा मीच शोधायचे.

वर हिब्रू, खाली मराठी. हिब्रू कळायचं नाही, मराठी मी मोठ्याने वाचायचे. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, थळकर. सगळा जिल्हा तिथे निजलेला. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या. समुद्राने परत दिलेली प्रेतं नवगावलाच पुरली. पुढे तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बंद ठेवले, म्हणून शनवार तेली.

मागच्या महिन्यात गेले होते. चाफा तोडलाय. रांगाही कळेनात, गवत माजलेलं. खडा पर्समध्येच घेऊन परत आले.

तुमच्या गावात अशा जागा असतील तर लिहा ना. लहानपणी खेळलात, घाबरलात, काही वाचलंत, काहीही.

टिटवी
शनवार तेली!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्या पणजीच्या तोंडी असायचा. रोह्याला माझं आजोळ. कुकर लावलाय, नंतर येते.

रातांबा
रत्नागिरी. थिबा पॅलेस सगळे बघतात, थिबा पॉइंटवर फोटो काढतात. ब्रह्मदेशचा तो थिबा राजा कुठे पुरलाय विचारलं तर गावातल्याही निम्म्या लोकांना सांगता येत नाही. शिवाजीनगर भागात घरांच्या मध्ये समाधी आहे. माझ्या क्लासच्या वाटेवर होती, तीन वर्षं रोज सायकलवरून बाजूने गेलो तरी ठाऊक नव्हतं.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचलला, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये. १९१६ मध्ये गेला. त्याला मायदेशी न्यावं म्हणून राणी झगडली, इंग्रजांनी परवानगी दिली नाही. दोन-अडीच वर्षं शवपेटी तशीच होती. १९१९ मध्ये अखेर इथेच ठेवला, शेजारी त्याची धाकटी राणी, ती आधीच वारलेली. थोरली राणी सुपयालात त्याच वर्षी परत गेली, तिची समाधी रंगूनला. नवरा-बायको समुद्राच्या दोन टोकांना.

थोरली राजकन्या मात्र आमच्याच गावात राहिली. तिची मुलगी टूटू मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. माझ्या आजीने तिला बाजारात पाहिलेलं. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष समाधीवर आले, तेव्हा गावाला जाग आली.

वल्हव
वसईचा किल्ला. फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भागात जमिनीतच थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. कॉलेजात असताना आम्ही त्यावर डबे उघडून बसायचो. नंतर एका सरांनी अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं की हा मजकूर म्हणजे 'येथे अमुक पुरला आहे'. डबा तसाच उचलला. त्यानंतर तिथे पाय ठेवताना बघून ठेवते. बसमध्ये आहे, चुका असतील टाइपिंगच्या.

मधली_आळी
@आबोली नवगावला आता स्मारकाचा स्तंभ आहे, पाहिलास का?

माझं थोडं वेगळं. आपल्यात दहन, मग पुरलेलं काही उरत नाही असं वाटतं. पण वीरगळ बघा, लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड! बोरिवलीजवळ एकसरला सहा वीरगळ आहेत, त्यांवर चक्क आरमाराची लढाई. वल्ह्यांच्या रांगा लावलेली गलबतं, एकमेकांवर चालून जाणारी. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या झुंजीशी अभ्यासक ते जोडतात. खालच्या चौकटीत लढाई, वर स्वर्ग, अशा क्रमाने खालून वर वाचायचं. आजूबाजूला इमारती झाल्यात. मी गेले तेव्हा कोणीतरी शेंदूर लावून हार घातलेला. माझ्या मुलाने विचारलं, "यांची नावं काय?" नावं नाहीत. गलबतं मोजली आम्ही दोघांनी.

आणि अलिबागकरांनो, आक्षीच्या शिळेला कोणीच आठवत नाही? शके ९३४ म्हणजे १०१२ वाचतात, त्या वाचनाप्रमाणे मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख! खाली गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारं गाढवाचं शिल्प. लहानपणी नागावला जाताना रस्त्याकडेला पाहिली होती, बाबांनी गाडी थांबवून दाखवली.

चिरेबंदी
मी याच कामाच्या बाजूला असतो म्हणून कळकळीने सांगतो. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, दाढीचा फेस, अ‍ॅसिड काहीही घासू नका. जांभा सच्छिद्र, त्यात खारी हवा. मीठ दगडात शिरून स्फटिक होतं आणि पापुद्रे निघतात. वर तुम्ही ब्रश मारला की शेवटची दोन अक्षरंही गेली. ऊन तिरपं असतं तेव्हा जा, सकाळी किंवा साडेपाचनंतर. नाहीतर आरशाने ऊन बाजूने पाडा, टॉर्चही चालतो. सपाट वाटणाऱ्या दगडावर नाव उभं राहतं. संगमरवरात शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि पडली असतील, तर खिळ्यांची भोकं राहतात. त्या भोकांवरूनसुद्धा नाव लागतं. एकदा मी असं पूर्ण नाव लावलंय, रात्री नऊ वाजता, सोबत गावातली चार पोरं.

टिटवी
आले. @चिरेबंदी पीठ लावायचं असं आम्हाला शाळेच्या सहलीत शिकवलं होतं! मी लावलंय. फार वाईट वाटतंय आता.

चिरेबंदी
@टिटवी तेव्हा सगळेच लावायचे हो. आता दुसऱ्यांना सांगा.

खाडीपलीकडे
बाणकोट. वेसवी-बागमांडला फेरीबोटीने जाणारे हरिहरेश्वरला पळतात, जरा थांबा. महाबळेश्वरचा आर्थर सीट माहितेय ना? तो आर्थर मॅलेट. १८५३ मध्ये त्याची बायको आणि तान्ही मुलगी इथे सावित्रीच्या मुखाशी होडी उलटून गेल्या. त्यांचं थडगं बाणकोटला आहे. आर्थर सीटवर पहिलं घर त्याने बांधलं. तिथून दिसते ती सावित्रीचीच दरी, तीच नदी आमच्या इथे समुद्राला मिळते.

माझे आजोबा होडीवाले होते. मुखाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीला लाट तिथे उभी फुटते. ते सांगायचे, "साहेबाला घाई असंल, तराला नसते." त्या थडग्यापाशी ते कधी गेले नाहीत, पण होडी सोडताना त्या बाजूला हात जोडायचे. मी विचारलं का, तर म्हणाले, "पाण्यात गेलेलं माणूस आपलंच."

निवडुंग
वरचं वाचून लिहितेय. दापोलीला आम्ही बदलीवर होतो. काप दापोली म्हणतात ते 'कँप'वरून, १८१८ नंतर इंग्रजांची छावणी होती. जुन्या दफनभूमीत लहान मुलांची थडगी खूप. अकरा महिने, दोन वर्षं, चार दिवस. पटकी, ताप. मी तेव्हा माझं बाळ गमावून तीन महिने झाले होते. घरात कोणी त्याचं नाव काढत नव्हतं, मला त्रास होईल म्हणून. तिथे दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या आईने चार दिवसांच्या मुलाचंही नाव दगडात कोरून ठेवलेलं. मी रोज दुपारी जायची. बसायची फक्त.

टिटवी
निवडुंग, तुला घट्ट मिठी.

खाडीपलीकडे
ताई, काय बोलू. बाळाचं नाव सांगावंसं वाटलं तर सांगा.

निवडुंग
ओंकार. पहिल्यांदाच कुठे लिहिलं.

वल्हव
🙏 ओंकार.

सागरगोटा
@आबोली मी थळला असतो. पावसाळ्यानंतर गवत कापतात, पण अजून वेळ आहे. रविवारी विळा घेऊन जाऊन येतो. आडनाव सांग फक्त, बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. बूट घालून जाईन, कोणी काळजीचे मेसेज टाकू नका, आमच्याकडे फुरसं काय ते आम्हाला ठाऊक आहे 😄

टिटवी
फुरसं कशाला आठवलंत! आमच्या मामाला चावलेलं, काजूच्या बागेत. वाचला पण बोट गेलं. गमबूट घालाच आणि काठी आपटत जा.

दर्यावर्दी_०७
मुरूडजवळच्या खोकरीला कोणी गेलंय का? जंजिऱ्याच्या सिद्दींचे तीन मकबरे. मोठा सुरूलखानाचा, लहान दोन सिद्दी कासिम म्हणजे याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांचे. आम्ही जंजिरा करून राजपुरीहून पुढे गेलो तर तिथे एकटेच. दगडी जाळ्या बघाव्या अशा. राखणीला असलेल्या चाचांनी पाणी दिलं आणि प्रत्येक कमानीतून किती वाजता ऊन येतं ते फिरून दाखवलं. जंजिऱ्यावर त्या दिवशी हजारभर माणसं, इथे आम्ही चौघं.

रातांबा
आणि अलिबागमध्येच कान्होजी आंग्र्यांची समाधी, १७२९. बीचवर जाणाऱ्यांपैकी किती जण वळतात? इंग्रज, पोर्तुगीज दोघांना ज्याने हैराण केलं तो माणूस बाजाराजवळ शांत झोपलाय.

मधली_आळी
वळतात हो. आमच्या शाळेत दरवर्षी नेतात. मी दोन वर्षं नेतेय मुलांना.

सागरगोटा
@आबोली जाऊन आलो. चाफ्याचं खोड सापडलं, तोडलंय पण बुंध्याला पालवी आहे. तिसरी रांग तिथून लागते. पण पाचव्या जागी दोन दगड चिकटून आहेत, एकच आडनाव, दोन्ही बायकांचे. एकाचं मराठी नाव अर्धं गेलंय. दुसऱ्यावर मराठी साल नाही, हिब्रू आहे. फोटो व्यनि केलेत.

चिरेबंदी
@सागरगोटा हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. बहुतेक वेळा हजार गाळतात, उरलेल्यात १२४० मिळवा म्हणजे आपलं साल येतं. अक्षरं काय आहेत?

सागरगोटा
मुंबईच्या एका मित्राला विचारून: ताव, रेश, त्सादी, हे.

चिरेबंदी
४०० + २०० + ९० + ५ = ६९५. म्हणजे १९३५, किंवा महिना त्यांच्या नव्या वर्षानंतर लगेचचा असेल तर १९३४.

आबोली
मावशी सांगायच्या, आई गेली तेव्हा त्या चालायलाही लागल्या नव्हत्या. आणि जाताना चाळिशीच्या होत्या. म्हणजे हाच असावा. पण दुसरा कोणाचा मग? आजी दोन खडे घ्यायची, आत्ता आठवतंय. मला वाटायचं एक माझा.

@सागरगोटा दोन्हीवर ठेवशील?

सागरगोटा
ठेवले. नवगावच्या किनाऱ्यावरचे.

दर्यावर्दी_०७
मी पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन येतोय, आधी बाणकोट. बागमांडल्याहून फेरीबोट सकाळी किती वाजता सुरू होते? थडग्यापर्यंत वाट आहे का, की कोणी दाखवायला लागेल?

खाडीपलीकडे
या की. मीच येतो सोबत. भरती बघून वेळ कळवतो.