पलटणीतले जुने सोबती भेटतात तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

गेल्या 16 डिसेंबरला वडिलांना देवळाली कॅम्पातल्या एका हॉलवर घेऊन गेलो होतो. 1971 च्या लढाईत एकाच युनिटमध्ये असलेल्यांची भेट होती. आले अकरा, आदल्या खेपेला एकोणीस होते. मी गाडी लावून आत जाईपर्यंत म्हातारी मंडळी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत असतील, अशी माझी समजूत. आत बघतो तर भांडण जुंपलेलं. 1971 सालच्या एका कोंबडीवरून. ती पकडली कोणी यावर एकमत होतं, तंगडी कोणी खाल्ली यावर नव्हतं. वडील तावातावाने उठून समोरच्याच्या अंगावर गेले, काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. एरवी काठीशिवाय ते मोरीपर्यंत जात नाहीत. लढाईचा विषय दोन तासांत एकदाही निघाला नाही.

नाशकात अशा भेटी बऱ्याच होतात. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला तोफखान्याचं सेंटर. इथे शिकून गेलेले गनर देशभरातून येतात आणि कित्येकांनी पेन्शनीत इथेच घर बांधलंय. शिवाय सिन्नर, निफाड, दिंडोरीकडचे पायदळवाले आहेतच. तुम्ही स्वतः गेला असाल, कोणाला घेऊन गेला असाल किंवा ठरवून गेला नसाल, तर लिहा. शौर्यकथाच हवी असं नाही. नावं आणि युनिटचे नंबर टाळा.

नंबर चार

कारगिल, 1999. बोफर्स. गनवर प्रत्येकाला नंबर असतो. नंबर एक म्हणजे डिटॅचमेंट कमांडर, पुढे ज्याचं त्याचं काम. आम्ही अजून एकमेकांना नंबरानेच हाक मारतो. बायकोला सुरुवातीला हे तुरुंगातल्यासारखं वाटायचं.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्या भेटीत प्रचंड आरडाओरडा असतो. कारण उत्साह नव्हे, कान. त्या दोन-अडीच महिन्यांत तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बाँब नि रॉकेट डागली, त्यातला आमच्या वाट्याचा हिस्सा आमच्या कानांनी खाल्ला. एकजण नवीन मशीन लावून आला होता, त्याला आमचं ओरडणं सहन होईना, त्याने मशीन काढून खिशात टाकलं.

आम्ही बोलतो ते हिशेबांचं. द्रासला हवा पातळ, गोळा अंदाजापेक्षा लांब जायचा, हिशेब नव्याने बसवावे लागायचे. ‘तुझा पहिला राउंड किती ओव्हर गेला होता’ यावर अजून चिडवाचिडवी चालते. 2022 मध्ये द्रासच्या पॉइंट 5140 ला ‘गन हिल’ नाव दिलं, त्या वर्षी मात्र सगळे जरा गप्प होते. एकाने बाटलीतली पहिली धार जमिनीवर सोडली. मग फोटो काढायला गनच्या क्रमाने उभे राहिलो. मधे एक जागा सुटली. फोटोवाला म्हणाला, जवळ या. कोणी हललं नाही. माझा नातू विचारतो, इथे कोण होतं आजोबा? खरं सांगायचं तर त्या जागेवरचा बाहेर फोनवर बोलत होता. ज्याची जागा खरंच रिकामी आहे तो दुसऱ्या फळीत असता, आणि तिथे आम्ही त्याच्या भावाला उभं केलं होतं.

भगूरची

मला राग आला होता, तो लिहिते.

माझे वडील घरात दिवसाला वीस शब्द बोलायचे. ‘मीठ’, ‘लाईट बंद कर’, ‘पेपर कुठाय’. आईने त्यांच्या वाटचं बोलून संसार केला. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या आसपास मी त्यांना नाशिकरोडला भेटीला नेलं. तिथे त्यांना ‘रेडिओ’ म्हणत होते. मला वाटलं, वायरलेसवर असतील. एक काका म्हणाले, नाही गं, हा रात्री झोपूच द्यायचा नाही, बडबड बडबड, बंकरमध्ये उंदरांची नक्कल करायचा. आणि त्यांनी केली. माझ्यादेखत, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नाक उडवून. सगळी फौजी हिंदीत चाललेली, समोरचा निफाडचा असला तरी हिंदीतच.

येताना रिक्षात परत तेच. ‘पाणी आहे का?’ मी विचारलं, घरी का नाही बोलत असे? म्हणाले, काय बोलणार. आता ते नाहीत, आणि मला अजून ठरवता येत नाही की त्या दिवशी मला वडील मिळाले की कळलं की ते दुसऱ्यांचे होते.

लाम रोडचा केटरर

मी फौजी नाही, पण अशा पंचवीसेक भेटींचं जेवण दिलंय, म्हणून बोलतो. चारचा चहा म्हणजे चारला कप हातात. चार वाजून पाच मिनिटांनी गेलात तर ऐकून घ्यायचं. भाव फार करतात. रम स्वतः आणतात, कॅन्टीनची, आणि बाटल्या मोजून परत नेतात. जेवण दहा मिनिटांत उरकतं, माझी पोरं दुसरी पोळी घेऊन येईपर्यंत ताटं सरळ रांगेत टबात. पूर्वी शंभर माणसांत नव्वद गुलाबजाम उठायचे, आता तीस, आणि तेही बायकोची नजर चुकवून.

एक गोष्ट मला दुसऱ्या कुठल्या कार्यात दिसली नाही. बडा खाना, म्हणजे पलटणीतलं साहेब-जवानांचं एकत्र जेवण, त्याच्या पद्धतीने रिटायर्ड कर्नलसाहेब वाढायला उभे राहिले. एक म्हातारे शिपाई, धोतर-टोपीतले, ताट घेऊन त्यांच्यासमोर आले नि सावधान उभे राहिले. ताट हातात, भात ताटात, आणि टाचा जुळवलेल्या. साहेबांनी आधी ‘विश्राम’ म्हटलं, मग वरण घातलं.

दिंडोरी तालुका

मी नियम मोडतो, कारण हे आधीच सगळ्यांना माहीत आहे. मामा 1 मराठामध्ये, जंगी पलटण. 1971, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कमांडरला शरण या असं पत्र धाडलं, त्याने उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. मग 10-11 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी वेढा फोडून निघायला गेले आणि मराठे रस्ता अडवून बसलेले होते.

तर, मामांच्या मित्रांत ती गोळी हातात घेतलेले सहा जण आहेत. दरवर्षी एखादा वाढतो. मामा शेवटपर्यंत सांगायचे, ‘अरे मी तेव्हा खंदक खणत होतो, मला गोळी दिसली ती थेट रात्री, आणि ती कागदात नव्हती.’

सिडको, 1987-90

एकाहत्तरवाल्यांचा 16 डिसेंबर, कारगिलवाल्यांचा 26 जुलै. आम्ही श्रीलंकेला शांतिसेनेत. ऑपरेशन पवन. हजारावर माणसं गेली आमची आणि आम्हाला दिवस नाही. हार घालून घ्यायची हौस नाही, पण भेटायचं कधी हेच ठरेना. शेवटी एकाच्या मुलीचं लग्न आलं गंगापूर रोडला, त्या निमित्ताने सातजण जमलो.

जाफन्यात रस्त्याखाली सुरुंग असायचे. रस्त्याचा ताजा ठिगळ दिसला की समजायचं. पस्तीस वर्षं झाली, मी अजून नव्या डांबराच्या ठिगळावरून स्कूटर नेत नाही, वळसा घालतो. मुलं हसतात. मी पण हसतो, वेडेपणा आहे म्हणतो.

हॉलच्या फाटकासमोर पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला चर होता. माती ताजी. वऱ्हाडी त्यावरून ये-जा करत होते, बँडवाले त्यावरच उभे होते. मी सवयीने कडेने, भिंतीला धरून, पार टोकाला जाऊन वळलो. मागे बघितलं तर दुसरा तसाच येत होता, सफारी सांभाळत. त्याच्यामागे तिसरा. चौथ्याने तर बायकोचा दंड धरून तिलाही फिरवून आणलं, ती चिडलेली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोणी काही म्हणालं नाही. आत जाऊन जेवलो, मठ्ठा चांगला होता.

त्यानंतर मुलं हसली तरी मला फरक पडत नाही.

कॅम्पवाला

वरच्या अनुभवावर काय लिहिणार. फक्त एक आठवलं. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डुलॅली’ म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीचा. गोरे सोल्जर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत इथे महिनोन्महिने पडून असायचे, त्यांची डोकी फिरायची. त्यांना निदान शब्द तरी मिळाला.

वहिनी (नात टाइप करतेय)

आजीला दरवर्षी बोलावतात. ती सांगते तसं लिहिते.

मला पुढच्या खुर्चीवर बसवतात. शाल, श्रीफळ. कपाटात चौदा शाली आहेत, कोणाला हव्या तर न्या. वाईट वाटायचं ते याचं की मी जवळ गेले की हसणं बंद. सगळे उठून उभे. जणू मीच बातमी घेऊन आलेय. एका वर्षी एकजण आला, हात जोडले, म्हणाला, वहिनी, रागावू नका, पण साहेबांकडे माझे चाळीस रुपये राहिलेत. पत्त्यांचे. सगळे त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागले. मी पाकीट उघडून चाळीस रुपये दिले, आणि त्याने घेतले हो! मोजून खिशात घातले. मग म्हणाला, पत्ते लपवायचा तो, बुटात.

मला लग्नानंतर हे माहीत नव्हतं. अकरा महिनेच तर होते आम्ही एकत्र, त्यात सुट्टीचे साठ दिवस. त्या दिवसापासून ते सगळे माझ्याशी बोलतात. आता मला कळलंय की तो घोरायचा, त्याला वांगं आवडायचं नाही. मी त्याला सुट्टीत वांग्याचं भरीत घातलं होतं, दोनदा घेतलं त्याने.

पाथर्डी फाटा

मी जात नाही. दोनदा गेलो. तिथे जे नव्हते तेही शूर झालेत आणि जे होते ते गुडघ्यांबद्दल बोलतात. माझा एक दोस्त मालेगावला आहे, वर्षातून एकदा त्याच्याकडे जातो, दोघे ओट्यावर बसतो, संध्याकाळची एसटी पकडून येतो. तेवढं पुरतं.

नंबर चार

धागा काढणाऱ्यांना : 28 सप्टेंबरला गनर्स डे, म्हणजे तोफखान्याचा दिवस, तेव्हा आमचे बरेच जण नाशिकरोडला असतात. सिन्नर फाट्यापासून गाडीत दोन जागा आहेत, वडील येणार असतील तर कळवा. आणि त्यांना विचारा, तंगडी नक्की कोणी खाल्ली?

धागाकर्ता

विचारलं. उत्तर मिळालंय, पण इथे लिहायला बंदी आहे. एवढंच सांगतो की येत्या 16 डिसेंबरलाही ते माफी मागणार नाहीत. एक जागा धरून ठेवा.