शब्दचर्चा : दालचिनीतली 'चिनी' कुठली?

प्रश्न : परवा मसाला भाजत होते. मुलीने विचारलं, "आई, दालचिनीत डाळ पण नाही आणि साखर पण नाही, मग असं नाव का?" हिंदीत दाल म्हणजे डाळ आणि चीनी म्हणजे साखर, हे तिला ठाऊक. मला उत्तर सुचेना. शिवाय 'दालचिनी' लिहायचं की 'दालचीनी'?

उत्तर : आधी लेखनाचं. मराठीत दालचिनीच. शेवटचं अक्षर दीर्घ, म्हणून त्याआधीचा इकार ऱ्हस्व. 'दालचीनी' हे हिंदी वळण.

मूळ शब्द फारसी 'दारचीनी'. फारसीत 'दार' म्हणजे झाड किंवा लाकूड. संस्कृत 'दारु' त्याचं सख्खं भावंड; देवदार आणि दारुहळद यांत तोच बसला आहे. पुढे 'र'चा 'ल' झाला. थोडक्यात, चिनी, म्हणजे चीन देशाचं, लाकूड. चोपचिनी या औषधी मुळीचं नावही याच साच्यातलं आहे. फारसी 'चोब' म्हणजे लाकूड, काठी; काठी घेऊन पुढे चालतो तो चोपदार. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, वस्तू मात्र अगदी वेगळ्या.

थोडी भर : ताईंच्या मुलीला आलेली शंका फार जुनी असावी. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात दालचिनीला 'दारुसिता' असं एक नाव आहे. सिता म्हणजे साखर! फारसी 'दारचीनी' कानावर पडल्यावर कोणीतरी 'चीनी'चा अर्थ साखर घेऊन तिला संस्कृत रूप दिलं असावं, असा माझा तर्क आहे. तिथेच 'तनुत्वक्', म्हणजे पातळ साल, आणि 'त्वक्स्वाद्वी', म्हणजे गोड साल, अशीही नावं येतात. मला ही नावं जास्त आवडतात, कारण दालचिनी लाकूड नाहीच, ती झाडाची आतली साल आहे. कोवळ्या फांद्या तोडतात, वरची खरबरीत साल खरवडून काढतात, मग आतली साल अलगद सोडवून वाळवतात. वाळता वाळता ती आपणच गुंडाळली जाते. 'कलमी दालचिनी' म्हणतात ती या नळीमुळे. कलम म्हणजे बोरू. पोर्तुगीज 'कानेला'चा अर्थही छोटी नळीच.

प्रश्न : मग तमालपत्र याच झाडाचं पान ना? आणि मधातून घ्यायला सांगतात ती दालचिनी कोणती?

उत्तर : तमालपत्र त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचं. पान उजेडात धरा, देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतील. आयुर्वेदात दालचिनी, वेलची आणि तमालपत्र मिळून त्रिजात. नागकेशर घातलं की चातुर्जात. सितोपलादि चूर्णातही दालचिनी असते, पण सर्वांत कमी : सोळा भाग खडीसाखरेला एक भाग.

औषधाच्या बाबतीत आपला शब्द अपुरा पडतो. श्रीलंकेची आणि चीनकडची, दोन्हींना आपण दालचिनीच म्हणतो. श्रीलंकेची नळी कागदासारख्या पातळ थरांची, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरडते. दुसरी, कॅशिया, जाड एकाच थराची, दोन्ही कडांनी आत वळलेली. तिला खलबत्ताच लागतो. कॅशियात कुमारिन नावाचं सुगंधी द्रव्य बरंच असतं, श्रीलंकेच्या सालीत नाममात्र. रोज जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपात ठरवलेली मर्यादा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. ही मर्यादा गाठायला कॅशियाची चमचाभर पूडही पुरू शकते. मसाल्यातल्या तुकड्याची काळजी नको. पण रोज चमचाभर घ्यायला सांगणाऱ्याने नुसतं 'दालचिनी' म्हणून थांबू नये, कोणती ते सांगावं. दालचिनीने रक्तातली साखर उतरते या दाव्याला ठाम पुरावा नाही. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

आभार : डबा उघडून पाहिला. जाड, एक थर, बोटांनी मोडेना. मुलीला दारुसिता हे नाव सांगितलं तर तिने लगेच एक कपचा चघळला. म्हणाली, "आधी गोड लागते, मग जीभ चुरचुरते." डब्यावर आता 'दालचिनी, जाड' अशी चिठ्ठी लावली आहे.