मदत हवी आहे: काळ्या मातीत कोपऱ्याचे पोल झुकले, गिऱ्हाईक पैसे देईना

तारवाला:

नमस्कार मंडळी. मी तार कुंपणाची कामं करतो. सहा वर्षं एका ठेकेदाराच्या हाताखाली खड्डे मारले, जाळ्या ओढल्या. गेल्या दिवाळीपासून स्वतःची कामं घेतो, बरोबर दोन पोरं आहेत. आतापर्यंतची सगळी कामं नाशिकच्या त्र्यंबक रोड, गिरणारे, अंजनेरी या पट्ट्यातली. तिकडे दीड-दोन फुटांवर मुरूम नाहीतर सरळ कातळ. पहार मारून हाताला फोड येतात, पण एकदा पोल बसला की बसला.

हे काम मात्र निफाडच्या बाजूला, सुकेण्याकडे घेतलं. २० गुंठे, ११० बाय १९८ फूट, म्हणजे ६१६ रनिंग फूट. ४० बाय ४० बाय ५ मिमीचे आठ फुटी लोखंडी अँगल दर दहा फुटांवर, दोन फूट गाडलेले. पाच फुटी चेनलिंक जाळी, १२ गेज, वर काटेरी तारेच्या दोन ओळी. मेमध्ये काम झालं तेव्हा जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. आता जुलै. चारपैकी तीन कोपऱ्यांचे पोल झुकलेत आणि जाळीला पोट आलंय. तिन्ही पोल ११० फुटांच्या बाजूकडे कललेत. गेटजवळचा चौथा कोपरा तेवढा ओळंब्यात आहे.

गिऱ्हाइकाने ३५ हजार अडकवून ठेवलेत. म्हणतात सगळं काढून नवीन करून दे. तसं केलं तर माझ्या हातात काही उरत नाही, उलट खिशातून जाईल. चूक माझी आहे का मातीची? आणि सगळं न काढता दुरुस्त होईल का?

ओळंबा:

भाऊ, आधी तीन गोष्टी सांग. कोपऱ्याच्या पोलाची खोली किती? टेके एका बाजूला की दोन्हीकडे? आणि काँक्रीट भरल्यावर जाळी कधी ताणली?

तारवाला:

दादा, खोली सगळ्यांना सारखीच, दोन फूट. कोपऱ्याला टेका एकेकच, लांब बाजूला. मला वाटलं १९८ फुटांचा ताण जास्त, म्हणून तिकडे दिला. आणि जाळी दुसऱ्या दिवशी दुपारी ताणली. रविवारी त्यांच्याकडे जागरण-गोंधळ होता, पाहुणे यायच्या आत कुंपण उभं पाहिजे म्हणून मागेच लागले होते.

ओळंबा:

मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे. कोपऱ्याचा पोल दोन बाजूंनी ओढला जातो. लांब बाजूला टेका होता, तिकडे तो हलला नाही. आखूड बाजूला काहीच नव्हतं, तिकडे गेला. तिन्ही पोल एकाच दिशेला कललेत ते उगाच नाही. चौथा का उभा आहे? तिथे आखूड बाजूला लगेच गेटचा पिलर असणार.

तारवाला:

हो! कोपऱ्यापासून सहा फुटांवर गेट. विटांचा पिलर, गवंड्याने आधीच बांधलेला. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ओळंबा:

सहा फूट जाळीला ताण तो काय असणार. म्हणून वाचला.

आता मातीचं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. मेमध्ये तू भेगाळलेल्या जमिनीत खड्डा मारलास, दोन फुटांपर्यंत सगळी हलती माती. पाऊस पडला, काँक्रीटचा गट्टू लोण्यात ठेवल्यासारखा झाला. गिरणाऱ्याला हीच चूक केली असतीस तरी मुरमाने सांभाळून घेतलं असतं. मधल्या पोलांना दोन फूट चालतात, त्यांच्यावर जाळी फक्त उभी असते. कोपऱ्याला साडेतीन फूट जा, खड्डा खाली रुंद आणि वर अरुंद ठेव, म्हणजे गट्टू उपटून येत नाही. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन बोटं वर आणि उतरता कर. सपाट ठेवलास तर तिथे पाणी थांबतं आणि अँगल नेमका जमिनीलगत गंजतो. सात दिवस पाणी मारल्याशिवाय जाळीला हात लावायचा नाही, मग जागरण असो नाहीतर लग्न. आणि १९८ फुटांच्या दोन्ही बाजूंना मध्ये एकेक ताणाचा पोल हवाच, दोन्हीकडून टेके दिलेला. सरळ रेघेत शंभर-सव्वाशे फुटांवर एक, हा माझा हिशोब.

द्राक्षबागाईत:

आमच्याकडे बागेचा मांडव बघितला असशील. शेवटच्या अँगलमागे तार नेऊन जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात, सगळ्या बागेचा भार त्या दगडावर. एवढी वर्षं याच काळ्या मातीत मांडव उभे आहेत. तू कोपऱ्याला दगड का नाही पुरत? तार, दगड, संपलं. टेक्याचा अँगल वाचतो.

ओळंबा:

शेटजी, मांडवात दगड बाहेरच्या बाजूला असतो. कुंपणाच्या बाहेर शेजाऱ्याची हद्द. तिथे दगड पुरला तर पोल सरळ राहील, पण बांधावरून कोर्टात जावं लागेल. कुंपणाला टेका आतूनच.

द्राक्षबागाईत:

हे मात्र खरं. बांधाच्या वादात आमच्या दोन पिढ्या गेल्या. तारवालाभाऊ, त्यावरून एक सांगतो, इथून पुढे मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत बघितल्याशिवाय पहार लावू नकोस. आणि "हा रस्ता पण जाळीत घे" असं कोणी म्हटलं की सावध हो. वहिवाटीचा रस्ता अडवला तर समोरचा माणूस मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जातो आणि आदेश झाला की जाळी काढावी लागते. मालक म्हणतो तुझं तू बघ.

मीही गिऱ्हाईकच:

दुसऱ्या बाजूने बोलतो. तुमचं गिऱ्हाईक चुकीचं नाहीये. त्याने एवढे पैसे मोजले आणि दोन महिन्यांत जाळीला पोट आलं, मीही पैसे अडवले असते. पण "सगळं काढ" हे रागाचं बोलणं आहे. तुम्ही फोन टाळताय का? टाळत असाल तर आज जा. चूक कुठे झाली ते आपणहून सांगा, तीन कोपरे कसे करणार ते कागदावर काढून दाखवा. आणि जाळी जाडीला कमी नाही ना, तेही बघा. १२ गेजची तार २.६४ मिमी भरली पाहिजे. हिरवं प्लास्टिक चढवलेली जाळी असेल तर काही दुकानदार प्लास्टिकसकट जाडी मोजून गेज सांगतात, मी त्यातच फसलो होतो. तिथेही मार बसला तर तो माणूस तुमचं काही ऐकणार नाही.

तारवाला:

जाळी साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली आहे, बिल आहे माझ्याकडे. मायक्रोमीटर घेऊनच जातो. आणि खरं सांगायचं तर फोन टाळत होतो.

दुरुस्ती आत्ताच करू का? चिखल आहे नुसता.

ओळंबा:

आत्ता खोदलंस तर खड्डा ढासळतो, पाणी भरतं, पुन्हा तेच. आत्ता फक्त कोपऱ्यांजवळची जाळी सैल कर, पोल दोरीने ओळंब्यात आण आणि आतून आखूड बाजूला लाकडी टेका दे. पक्कं काम दसऱ्यानंतर, ओल असते पण माती घट्ट होते. जुने गट्टू काढायला जेसीबी बोलावू नकोस, अर्ध्या दिवसाचे पैसे लावतील. तीन पायांची उंच तिवई आणि चेन पुलीने निघतात. तीन कोपरे, दोन मधले पोल, सहा-सात टेके. त्या मापाचे खड्डे १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालात एका गोणीत एक, फार तर दीड. सिमेंटच्या सात-आठ गोण्या धर, टेक्यांच्या पायांसकट.

आणि पोरं दोन आहेत म्हणालास. दोघांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घे. वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आता ठेकेदार तूच आहेस, दाखला तुलाच द्यायचाय.

तारवाला:

जाऊन आलो. आधी अर्धा तास बोलणी खाल्ली, मग चहा आला. जाळी २.६ च्या वर भरली, तिथून आवाज खाली आला. ठरलं ते असं: मजुरी आणि टेक्यांचे अँगल माझे, सिमेंट-खडी त्यांची. ३५ पैकी १५ हजार आत्ता दिले, उरलेले पुढच्या पावसाळ्यात जाळी सरळ दिसली तर. एक वर्ष थांबायचं जिवावर आलं, पण हो म्हणालो.

लाकडी टेके आजच दिले. निघताना शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला. त्यालाही ४०० फूट करायचंय, तीच माती. मी म्हटलं, दसऱ्यानंतर बोलू, आणि काँक्रीटनंतर सात दिवस तुमच्याकडे काही कार्यक्रम नाही ना, ते आधी सांगा.

ओळंबादादा, तिवई भाड्याने कुठे मिळेल? आडगाव-पंचवटीकडे असेल तर बरं.