प्रोप्रायटरी दुकानाच्या चार्जबॅकची वसुली मालकाच्या घरापर्यंत येऊ शकते का?

इतवारीकर (प्रश्न): नमस्कार. नागपूरच्या इतवारीत आमचे, माझ्या एकट्याच्या मालकीचे (प्रोप्रायटरी), संत्रा बर्फीचे दुकान आहे. गुमास्ता, जीएसटी व चालू खाते दुकानाच्या नावाने असले तरी पॅन माझाच आहे. बाहेरगावच्या ऑर्डरचे पैसे एका पेमेंट गेटवे कंपनीमार्फत येतात. दिवाळीतील एका मोठ्या ऑर्डरबाबत ग्राहकाने माल मिळालाच नाही असा दावा बँकेकडे केला, ८६,००० रुपयांचा चार्जबॅक (ग्राहकाला परत दिलेले पैसे विक्रेत्याकडून वसूल करणे) लागला आणि सेटलमेंटमधून, म्हणजे गेटवेकडून आम्हाला येणाऱ्या रकमेतून, कपात होऊनही उरलेल्या रकमेसाठी आता माझ्या नावाने घरी पत्र आले आहे. व्यवहार दुकानाचा असताना माझे घर व पत्नीसोबतची मुदत ठेव धोक्यात येते का? आणि आता कंपनी काढली तर यातून सुटका होईल का?

सदर भागातले वकील: आपले दुकान कायद्याच्या नजरेत आपल्याहून वेगळे नाही, पाटीवर काहीही लिहिलेले असो, देणेकरी आपणच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३०, नियम १० प्रमाणे दावा दुकानाच्या नावाने लावता येतो, पण न्यायालयाचा हुकूमनामा वसूल होतो तो मालकाच्या मालमत्तेतून. त्याच संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीपासून सूट दिलेल्या वस्तूंची यादी आहे; त्यात राहत्या घराची सूट शेतकरी, मजूर आणि घरगडी यांना आहे, व्यापाऱ्याला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पीपीएफमधील रकमेला मात्र संरक्षण आहे. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालकीचे असेल, तर त्यांच्या हयातीत आपल्या देण्यासाठी त्याला हात लावता येत नाही. संयुक्त ठेवीत पत्नीचा पैसा किती, हे बँकेच्या कागदांवरून दाखवावे लागेल.

पण पत्र म्हणजे जप्ती नव्हे. गेटवे कंपन्यांच्या अशा करारांत बहुधा लवादाचे (वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाकडे सोडवण्याचे) कलम असते. ते असल्यास आधी लवादाचा निवाडा लागतो, नसल्यास न्यायालयाचा हुकूमनामा; अंमलबजावणी त्यानंतरच. लवादाची नेमणूक कंपनी एकट्याने करत असेल तर लेखी हरकत घ्या. निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकतर्फी एकमेव लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

गांधीबागेतील साडीवाले: दादा, कायदा नंतर, आधी कुरिअरची पोचपावती शोधा. चार्जबॅकला उत्तर देण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि पुरावा न गेल्यास ग्राहकाचे म्हणणे आपोआप मान्य होते. आमच्याकडे एकदा असेच झाले. ईमेल हिशेबनीस मुलाच्या खात्यात पडून राहिला आणि चूक सर्वस्वी आमचीच होती. तेव्हापासून पार्सलचे वजन, बिल आणि सहीची पावती एकाच फाइलमध्ये ठेवतो.

धरमपेठचे सीए: कंपनी काढण्याविषयी. कंपनी कायदा, २०१३ मुळे एकट्यालाही एक-व्यक्ती कंपनी काढता येते आणि १ एप्रिल २०२१ पासून तिच्यावरील भांडवल व उलाढालीची मर्यादाही उठली आहे. परंतु जुने देणे आपल्याच नावावर राहील, ते नव्या कंपनीकडे ढकलून कोणी मोकळा होत नाही. पुढच्या व्यवहारांतही बँक किंवा गेटवे कंपनी संचालकाची वैयक्तिक हमी मागत असेल, तर मर्यादित दायित्वाचा (कंपनीचे देणे कंपनीपुरतेच राहण्याचा) लाभ तेवढ्यापुरता गेलाच समजा, कारण करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. त्यामुळे कंपनीच्या खर्चापेक्षा आधी करारातील नुकसानभरपाईचे आणि वजावटीचे कलम वाचून घ्या. दुकानाचे पैसे घरच्या खात्यातून फिरवत असाल तर तेही थांबवा. वाद झाल्यावर कोणता पैसा कोणाचा हे सिद्ध करताना फार त्रास होतो.

इतवारीकर: सर्वांचे आभार. पोचपावती सापडली, तीवर सोसायटीच्या चौकीदाराची सही आहे. पत्रात उत्तरासाठी पंधरा दिवस दिले आहेत आणि त्यांतले सहा गेले आहेत.

सदर भागातले वकील: चौकीदाराची सही पुरेशी ठरेलच असे नाही, म्हणून पार्सल पोहोचल्याचा ग्राहकाचा एखादा संदेश मोबाइलमध्ये आहे का तेही पाहा. उत्तर ईमेलने आणि स्पीड पोस्टने दोन्हीकडून पाठवा, आणि त्यात रक्कम मान्य असल्याचा अर्थ निघेल असे एकही वाक्य लिहू नका.