मदत हवी आहे: 'क्लोजअप'ला मराठी शब्द (तातडीने)

सड्यावरची: 'क्लोजअप'ला चांगला मराठी शब्द हवाय. आणि एखादी गोष्ट बारकाईने तपासण्यालाही एक. 'जवळून' आणि 'निरीक्षण' मला माहीत आहेत, ते कृपया सांगू नका. उद्या सकाळी दहाला छापायला द्यायचंय. दुपारपासून याच्यातच अडकले आहे.

शब्दवेडा: कशासाठी हवाय? सिनेमा, विज्ञान, कायदा? नाम हवं की क्रियापद? मराठीत प्रत्येक कामाचा शब्द वेगळा आहे. अर्जांची छाननी, घराची झडती, पिकाची पाहणी, हिशेबाची तपासणी, बातमीची शहानिशा. यातला एक काढून दुसरा बसवता येत नाही.

सड्यावरची: फोटोंखाली टाकायचाय. दोन शब्दांपेक्षा जास्त बसत नाही.

बागायतदार_देवगड: 'पारख'. हापूस काढायच्या आधी आम्ही देठाजवळचे खांदे भरलेत का बघतो, मग रंग, मग हातावर वजन. बारकाईने तपासणं म्हणजे हेच. यापेक्षा चांगला शब्द तुम्हाला मिळणार नाही.

शब्दवेडा: पारखण्यात निवाडा असतो. सोनं खरं की खोटं, फळ तयार की कोवळं. निरखण्यात नुसतं डोळे लावून बघणं. 'निरीक्षणा'च्या घरातला 'निरखणे', 'परीक्षणा'च्या घरातला 'पारखणे'. फोटोखाली निवाडा कशाला?

बागायतदार_देवगड: निरखल्याशिवाय पारखतो कोण? माझं मत कायम आहे.

कॅमेरा_गुहागर: कॅमेरा कोणता आहे? क्लोजअपसाठी मॅक्रो लेन्स घ्या. फोनने काढत असाल तर झूम करू नका, स्वतः पुढे जा. आणि तिपाई हवीच.

सड्यावरची: लेन्स विचारलेली नाही हो! फोटो काढून झालेत. गावच्या शाळेत कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावरच्या खडकात कोरलेल्या चित्रांचं, प्रदर्शन आहे. प्रत्येक चित्राचे दोन फोटो, एक ड्रोनचा आणि एक जवळचा. शिवाय शेवटी एक वेगळा फलक आहे, त्यावर छिन्नीच्या खुणा, रेषेची खोली, जांभ्या दगडाची झीज असं दाखवलंय.

शब्दवेडा: हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. म्हणजे तुम्हाला तीन शब्द हवेत. ड्रोनच्या फोटोला 'विहंगम दृश्य'. विहंग म्हणजे पक्षी, त्यामुळे तो शब्द इथे नेमका बसतो. फक्त 'सिंहावलोकन' लिहू नका. सिंह चालता चालता मान वळवून मागे बघतो, म्हणून तो शब्द झालं-गेलं आठवण्यासाठी आहे, वरून बघण्यासाठी नाही.

कॅमेरा_गुहागर: कातळशिल्पं आहेत तर रेषांत खडूची पूड भरा. जवळच्या फोटोत उठून दिसतात.

जांभाकातळ: अजिबात भरू नका! खडू, रंग, पीठ काहीही नको. जांभा सच्छिद्र असतो, पूड आत बसते आणि खुणा कायमच्या बुजतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरक्या उन्हात रेषेच्या एका काठाची सावली पडते आणि चित्र आपोआप उठतं. बारा वाजता तेच शिल्प सपाट दिसतं. उक्षी गावात कातळावर कोरलेल्या हत्तीभोवती गावकऱ्यांनी बांध घातला. कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. आपण त्यात खडू ओतायचा?

कॅमेरा_गुहागर: मी नुकसान करा म्हटलं नव्हतं. पण मान्य, सल्ला मागे घेतो.

पुणेकर_मूळ_राजापूर: देवाचे गोठण्याला होकायंत्र नेलंत का? शिल्पाजवळ सुई भरकटते. आणि तिथे जायला एसटी आहे का हल्ली? मे महिन्यात यायचं म्हणतोय.

सड्यावरची: एसटीचा वेगळा धागा काढा ना. शब्द सांगा!

नेटके: शेवटच्या फलकाला 'चिकित्सा' द्या. भारदस्त आहे.

शब्दवेडा: शाळेतली पोरं त्याचा अर्थ औषधपाणी असाच घेतील. नको.

जांभाकातळ: चित्रांच्या पुस्तकात मोठ्या चित्राचा तुकडा वाढवून छापतात, त्याखाली 'तपशील' लिहितात. जवळच्या फोटोला तोच द्या. मीही काही फलक केलेत, लोकांना लगेच कळतो.

शब्दवेडा: 'समीपदृश्य' जास्त नेमका. 'विहंगम दृश्य'शी जोडीही जमते.

बागायतदार_देवगड: 'समीपदृश्य' आमच्या गावात कोण बोलतो?

मालवणी_आजी: माका 'लांबसून' आणि 'जवळसून' ह्येच शब्द बरे वाटतत. आमी पोरांक सांगतो, बाय, नीट निरखून बघ. शाळेतल्या पोरांक वाचूचा आसा ना?

सड्यावरची: आजी, वाचणार पोरं आणि त्यांचे आईवडीलच. फोटोखाली 'लांबून' आणि 'तपशील' टाकते. 'समीपदृश्य' वाचताना माझाच भाचा अडखळला. शेवटच्या फलकाला 'निरखून बघा'. आजी, तुमच्या तोंडचं आहे, चालेल ना?

मालवणी_आजी: चलात गो. अक्षर मोठा घाल, म्हाताऱ्यांकय दिसाक होया.

शब्दवेडा: 'लांबून' आणि 'तपशील' ही जोडी मला खटकते, पण फलक तुमचे आहेत. छापायच्या आधी मजकूर इथे टाका, ऱ्हस्वदीर्घ बघून देतो.

सड्यावरची: अर्ध्या तासात टाकते. फलक अकरा आहेत.