शेततळ्यातून खालच्या टाकीत सायफन: दोन तासांत धार बारीक होते, मग तुटते

सिन्नर_थॉमसन (प्रश्न)

शेततळं ३० × ३० × ३ मीटरचं, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. खालच्या अंगाला बागेजवळ ५० हजार लिटरची सिमेंटची टाकी, तिथून पुढे मोटर आणि ठिबक. कागदाला भोक पाडायचं नाही, म्हणून भरावावरून ६३ एमएमचा पीव्हीसी पाईप टाकून सायफन केलाय, म्हणजे पाईप एकदा भरला की पाणी मोटरशिवाय भराव चढून खाली येतं. लांबी ७० मीटर. आतल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (पाणी परत तळ्यात जाऊ न देणारा, जाळीवाला), टाकीकडे बॉल व्हॉल्व्ह, भरावाच्या माथ्यावर टी आणि त्यावर पाणी भरायला एक इंची तोंड, बूच लावून.

लेव्हल नळीने मोजलं तर तळं भरलेलं असताना पाणी आणि टाकीचं तोंड यांत ४.२ मीटरचा फरक. आता पाणी दीड मीटर खाली गेलंय, म्हणजे २.७ राहिला. भरावाचा माथा सध्याच्या पाण्यापासून २.१ मीटर वर.

सुरू होतो व्यवस्थित. पण २०० लिटरचा ड्रम भरायला दोन मिनिटं लागतात, आणि दोन-अडीच तासांनी धार बारीक होत होत बंदच पडते. द्राक्षाची खरड छाटणी झालीय, लाईट रात्रीची, त्यामुळे टाकी दिवसा बिनलाईटची भरली तर फार बरं होईल. उंची जास्त होतेय का? आणि उताराकडचा पाईप ७५ चा केला तर ओढ वाढेल का?

पाईप_हिशोब

उंचीचा काही दोष नाही. सिन्नरच्या उंचीवर हवेचा दाब साधारण साडेनऊ मीटर पाण्याएवढा भरतो. पाण्याची वाफ आणि पाईपमधलं घर्षण वजा करून सहा मीटरपर्यंत सायफन निर्धास्त चालवावा. तुमची चढण २.१ आहे, तळं तळाला गेलं तरी साडेतीनच्या आसपास.

आता धार बघा. दोन मिनिटांत २०० लिटर म्हणजे तासाला ६ हजार. आतला व्यास ५५ एमएम धरून ७० मीटरला २.७ मीटर फरकावर, फूट व्हॉल्व्ह आणि बेंडची तूट काढूनसुद्धा, ११ हजार यायला पाहिजेत. निम्मं पाणी कुठे अडतंय? माथ्यावर हवा साठलीय आणि पाणी तिच्या खालच्या फटीतून वाहतंय.

हवा येते दोन वाटांनी. एक, सांधे. माथ्याजवळ पाईपच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे सांधा गळका असला तरी थेंब बाहेर पडत नाही, हवा आत जाते. बघणाऱ्याला सांधा कोरडाठाक दिसतो. दोन, पाण्यात विरघळलेली हवा. दाब कमी झाला आणि उन्हाने पाईप तापला की ती बुडबुडे होऊन सुटते. ही थांबवता येत नाही, तिला जागा करून द्यावी लागते.

पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या वर असेल तर बुडबुडे पाण्याबरोबर खाली निघून जातात. तुमचा आत्ता ०.७ आहे, म्हणून ते माथ्यावरच बसतात. हवा साठली की वेग कमी, वेग कमी की हवा जास्त. दोन तासांत तुटतं ते असं. आणि तळं जसं खाली जाईल तसा फरक कमी होऊन हा त्रास वाढणारच.

म्हणूनच उतार ७५ चा करू नका. जाड पाईपमध्ये वेग आणखी पडतो, बुडबुडे उलटे चढून माथ्यावर येतात. करायचाच तर सगळा पाईप ७५ चा करा, मग ताशी १८-१९ हजार मिळतील. पण आधी हवेचं बघा.

एक विचारायचं राहिलं. भरावावरून उतरल्यावर पाईप मध्ये कुठे पुन्हा वर चढतो का?

सिन्नर_थॉमसन

हो. शेताचा बांध आडवा आहे, त्यावरून गेलाय, फूटभर चढ असेल. आणि टाकीच्या भिंतीवरून आत वळवलाय, धार वरूनच पडते.

निफाड_ठिबक

मग सोपं आहे दादा. ठिबकच्या फिल्टरवर असतो तसला एअर व्हॉल्व्ह माथ्यावर बसवा, हवा आपोआप निघून जाईल.

पाईप_हिशोब

नको नको, तेवढं करू नका. फिल्टरवरचा एअर व्हॉल्व्ह चालतो कारण तिथे आत दाब जास्त असतो. सायफनच्या माथ्यावर उलटं आहे. तो व्हॉल्व्ह उघडला की बाहेरची हवा आत घेईल आणि सायफन जागेवर मरेल. मोटर बंद झाल्यावर पाईप चेपू नये म्हणून हवा आत घ्यायचं कामही त्याच व्हॉल्व्हचं असतं, हे विसरू नका.

माथ्यावर हवेचा डबा करायचा. सामान: ६३ ची टी (उभं तोंड वर), दोन इंची बॉल व्हॉल्व्ह, ६३ ते ११० रिड्यूसर, ११० एमएम पाईपचा दोन फुटी तुकडा, वर एंड कॅप आणि कॅपमध्ये दीड इंची बॉल व्हॉल्व्ह. तुमचं एक इंची तोंड बारीक आहे. पाणी आत जाताना हवेलाही त्याच तोंडातून वर यायचं असतं, म्हणून भरताना गुळगुळ करत बसतं.

दोन फुटी तुकड्यात पाच लिटर मावतं. एरवी खालचा व्हॉल्व्ह उघडा, वरचा बंद. हवा चढून डब्यात बसते आणि डब्यातलं पाणी पाईपमध्ये उतरतं. डबा हवेने भरत आला की खालचा बंद करा, वरचा उघडा, अर्धी बादली पाणी ओता, वरचा बंद, खालचा उघडा. सायफन चालूच राहतो. मात्र दोन्ही व्हॉल्व्ह एका वेळी उघडे राहिले तर सगळा खेळ पहिल्यापासून. डब्याच्या बाजूला वर-खाली दोन निपल काढून जाड जाळीची पारदर्शक नळी लावा, पाणी कुठवर आहे ते बाहेरून दिसतं. पातळ नळी ओढीने चपटी होते, ती चालणार नाही.

इथे गेट व्हॉल्व्ह वापरू नका, त्याच्या ग्लँडमधून हवा शिरते. आट्यांच्या जागी टेफ्लॉन टेप दहा-बारा वेढे. बाकी सांध्यांना सोल्युशन लावून एक दिवस तसंच ठेवा. माथ्याच्या आजूबाजूचा पाईप ६ केजी दाबाचा, जाड घ्या, २.५ केजीचा उन्हात मऊ पडून ओढीने चपटा होतो. गुंडाळी होणारा लपेटा पाईप तर माथ्याजवळ नकोच.

सांधा गळतोय का ते सायफन चालू असताना कळणार नाही. टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करा, माथ्यावरून पूर्ण भरा आणि तोंड उघडंच ठेवून रात्रभर सोडा. आता सगळ्या पाईपमध्ये आतून दाब आहे, त्यामुळे जिथे चूक आहे तिथून थेंब बाहेर येईल. सकाळी माथ्यावरची पातळी उतरलीय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर फूट व्हॉल्व्ह गळतोय. बहुतेक वेळा त्याच्या रबरावर शेवाळ किंवा वाळूचा कण असतो.

बांधावरचा फूटभर चढ काढाच. बांधातून पाईप खाली घ्या. तिथे हवेचा दुसरा डोंगर होतो आणि माथ्यावरच्या डब्याला तो दिसत नाही. टाकीत टोक वरून सोडू नका, तळाजवळ बुडवा. मग फरक टाकीच्या तोंडापासून नाही तर टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून धरला जातो. टाकी रिकामी असताना एक-दीड मीटर फुकट मिळतो, आणि टोकातून हवाही चढत नाही.

चांदवड_कागदवाला

आतल्या बाजूचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फूट व्हॉल्व्ह कागदावर टेकलेला असेल तर पाईप हलतो तसा तो कागद घासतो. लोखंडी जाळीचा असेल तर एका हंगामात भोक पडतं, आणि गळती लागल्यावर ते सापडत नाही. २० लिटरचे दोन बंद कॅन तरंगत ठेवा, त्यांना फूट व्हॉल्व्ह दोरीने पाण्याखाली दोन फूट लटकवा. माथ्यापासून तिथवर हिरवा स्प्रिंगवाला सक्शन पाईप. पाणी उतरेल तसा तो खाली जातो, वरचं शेवाळ आणि तळाचा गाळ दोन्ही टळतात. दोन फुटांपेक्षा वर आला तर भोवरा होतो आणि हवा थेट आतच जाते. शेवटी तळात दोन-अडीच फूट पाणी राहिलं की सायफन बंद करायचा, ओढत बसायचं नाही.

दोरीचं दुसरं टोक भरावाबाहेर खुंटीला बांधा आणि फूट व्हॉल्व्ह साफ करायला बाहेरूनच ओढा. कागदाच्या उतारावर ओल्या पायाने माणूस उभा राहत नाही, पोहणाराही वर येऊ शकत नाही. गाठी मारलेला दोर आणि ट्रकची हवा भरलेली ट्यूब तळ्यावर कायम पाहिजे. कागद भरावात जिथे पुरलाय तिथे पाईपसाठी चर खोदू नका, वरूनच न्या आणि माती किंवा पोती टाकून झाका. सावलीत राहिला की हवाही कमी सुटते.

पाईप_हिशोब

बरोबर. आता सुरू करायची पद्धत. टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद, माथ्यावरचे दोन्ही उघडे. ७० मीटरच्या पाईपला मीटरमागे २.४ लिटर, म्हणजे १७० लिटर धरा. अर्धा एचपीची मोटर किंवा सतरा बादल्या. तोंडापर्यंत आलं की पंधरा मिनिटं थांबा, पातळी उतरेल, पुन्हा भरा. वरचा बंद करा. मग टाकीकडचा व्हॉल्व्ह आधी थोडासाच उघडा, मिनिटभराने पूर्ण. एकदम उघडला तर उताराकडचं पाणी पुढे पळतं आणि माथ्यावर पोकळी पडते.

धार कमी करायची असेल तर टाकीकडेच करा. आतल्या बाजूला व्हॉल्व्ह आवळला तर माथ्यावरची ओढ वाढते आणि हवा आणखी सुटते. टाकीत दोन इंची बॉल कॉक (तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह) लावला तर टाकी भरल्यावर धार आपोआप थांबते आणि पाईप भरलेलाच राहतो, दुसऱ्या दिवशी बादल्या नकोत.

दिंडोरी_फवारणी

मधेच विचारतो. ड्रममधून फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत मोरचूद-चुन्याचं पाणी काढायला हीच पद्धत?

पाईप_हिशोब

एवढ्याशा कामाला डबा-बिबा नको. टोकाला गोळीचा झटका-व्हॉल्व्ह असलेली एक इंची नळी मिळते. ती ड्रममध्ये वर-खाली चार-पाच वेळा झटकली की चालू होते. तोंडाने ओढायचं नाही, मग औषध कुठलंही असो. आणि चुन्याची साका तळाला बसते, तेव्हा आधी ढवळा आणि नळीचं टोक तळापासून चार बोटं वर ठेवा, नाहीतर गोळी अडकते.

सिन्नर_थॉमसन

बांधातून पाईप खाली घेतला, डबा बसवला, टोक टाकीत बुडवलं. रात्रभरच्या चाचणीत माथ्याच्या टीची एक आटी सापडली, खाली ओल होती. आता टाकी अर्धी असताना टोक वर काढून ड्रम लावला तर ६८ सेकंदांत भरतो. सकाळी आठला सुरू केला, साडेबाराला बॉल कॉकने बंद झाला, तोवर डब्यात चार बोटं हवा. फूट व्हॉल्व्ह अजून कागदावरच आहे, कॅन आणि सक्शन पाईप आणायचाय.